दारात रांगोळी नसते त्या दिवसांसाठी

घरात कुणी गेलं की सुतक फिटेपर्यंत दारात रांगोळी पडत नाही. रोज सकाळी सडा-रांगोळी करणाऱ्या बाईचा हात नेमका त्या वेळेला मोकळा पडतो. खाली दिलेली कागदावरची नक्षी त्या मोकळ्या हातासाठी आहे. जन्मात रांगोळीची चिमूट न धरलेल्या पुरुषमाणसांनाही ती जमते. ही पूजा नाही आणि दारातली रांगोळीही नाही, त्यामुळे वहीत काढायला सहसा कुणाची हरकत नसते. तरी घरातल्या थोरल्यांच्या कानावर घालावं, उगाच कुजबूज नको.

अमेरिकेत रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस यांनी ‘झेंटँगल’ नावानं अशी एक पद्धत बांधली आहे. साडेतीन इंची चौकोनी कागद, काळं पेन, खोडरबर नाही. त्यातला कागदाचा आकार आणि खोडरबराचा नियम घ्यायचा. नक्षी आपल्याकडे पुष्कळ आहे.

सामान थोडकंच. २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा गुळगुळीत ड्रॉइंग पेपर, ए-फोर आकाराचा. एका कागदातून ९ सेंटिमीटरचे बरोबर सहा चौकोन निघतात आणि दोन पट्ट्या उरतात. पट्ट्या फेकू नका, पेन चालवून बघायला त्या लागतात. पेन ०.३ मिलिमीटरचं काळं फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं, पाण्यानं न फुटणाऱ्या शाईचं. साधं बॉलपेन दाबावं लागतं, दहा मिनिटांत बोटं दुखतात. जेलपेनची शाई ओली राहते आणि तळहाताला लागून फराटा उठतो. शिवाय या दिवसांत डोळ्यांतलं पाणी कागदावर पडणारच, तेव्हा न फुटणारी शाई हवीच. सोबत एक टूबी (2B), म्हणजे मऊ शिशाची, पेन्सिल आणि कान पुसायची कापसाची काडी.

सुरुवात चार पाकळ्यांनी करा. कडेपासून दीड सेंटिमीटर आत, दीड-दीड सेंटिमीटरवर पाच ठिपक्यांच्या पाच ओळी पेन्सिलीनं हलक्या मांडा. ठिपके झाले २५. वरच्या ओळीच्या पहिल्या ठिपक्यावर पेन टेकवा आणि दुसऱ्या ठिपक्यापर्यंत वरून फुगलेली कमान काढा. पेन थांबवा. तिथून तिसऱ्यापर्यंत तशीच दुसरी. ओळ संपली की त्याच वाटेनं खालून फुगलेल्या कमानी काढत परत या. जाताना चार, येताना चार, समोरासमोरच्या दोन कमानींची एक पाकळी. पाच ओळी झाल्या की कागद पाव फेरा फिरवा आणि उरलेल्या बाजूनं पुन्हा तेच. मनगट वाकडं करून उभ्या कमानी काढायला जाऊ नका. कागद फिरवला की हाताची चाल तीच राहते, आणि सगळी गंमत त्या एकसारख्या चालीत आहे. सगळ्या मिळून ८० कमानी होतात. श्वास सोडताना एक कमान, घेताना पेन उचललेलं, असं केलं तर निवांत दहा-बारा मिनिटं लागतात.

पाकळी मधोमध ४ ते ५ मिलिमीटर रुंद ठेवा. सहाच्या वर गेली की ठिपक्यापाशी शेजारणीला भिडते आणि फुलाऐवजी गोळा दिसतो. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, आणि कारण बहुतेक वेळा घाई. कमान झपकन ओढली की ती शेवटाकडे फुगते. हात थरथरत असेल तर कोपरापर्यंतचा हात टेबलावर टेकवा. खाटेवर मांडीवर वही घेऊन काढायचं असेल तर खाली पोळपाट किंवा परीक्षेचं पॅड घ्या.

एखादी कमान भलतीकडे गेलीच तर? रांगोळीत बोटानं पुसून सावरता येतं. इथे शाई पुसत नाही, आणि खोडरबर घासला की कागदाचे तंतू उठून पुढची रेघ पसरते. पण खरं कारण दुसरं आहे. खोडरबर हाताशी असला की डोकं दर रेघेला चूक-बरोबर करत बसतं. तोच विचार तर थोडा वेळ बाजूला ठेवायचा आहे. वाकडी गेलेली पाकळी काळी भरा, तिच्यासमोरचीही भरा, की झाली नक्षी.

आठ-दहा कागद असे झाले की ठिपके सोडून ‘दोरी’ घ्या. पेन्सिलीनं कागदावर एक सैल वेटोळं काढायचं, त्यानं चार-पाच कप्पे पडतात. दर कप्प्यात एक नक्षी भरायची. सांगली-साताऱ्यात नक्षी शोधायला लांब जावं लागत नाही.

ऊस घ्या. ४ मिलिमीटर अंतरानं दोन समांतर रेघा, दर सेंटिमीटरला पेराच्या दोन बारीक आडव्या कमानी आणि पेराला चिकटून एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा. उसाचा डोळा एका पेरावर डावीकडे असला तर पुढच्यावर उजवीकडे असतो. तेवढं पाळलं की कांड्या खऱ्या वाटतात. आणि डावं-उजवं लक्षात ठेवण्यातच मन अडकतं.

तासगावची द्राक्षं त्याहून सोपी दिसतात, पण तिथे लोक फसतात. आधी मोठा मणी, मग त्याला टेकून दुसरा, फटीत बारका, अगदी उरलेल्या सांदीत काळा रंग. गोल जिथे सुरू केला तिथेच सावकाश आणून मिटवा. टोक उघडं राहिलं की घड चुरगळल्यासारखा दिसतो. दोरीच्या कडेला अर्धाच मणी बसत असेल तर अर्धाच काढा, तो मागे गेलाय असं दिसतं. हळदीचं पान म्हणजे मधली शीर आणि तिच्यापासून कडेपर्यंत तिरक्या, २ मिलिमीटरवरच्या रेघा. झोप नसलेल्या रात्री हेच बरं, कारण मोजायचं काही नसतं.

छाया शेवटी, शाई वाळल्यावर पाच मिनिटांनी. दोरीच्या एकाच बाजूला पेन्सिल हलकी फिरवून कापसानं पसरवा. दोन्ही बाजूंना छाया दिली की सगळं मळकट होतं. जत-आटपाडीकडच्या उन्हाळ्यात तळव्याच्या घामानं पेन्सिल पुसली जाते, म्हणून हाताखाली एक उरलेली पट्टी ठेवा. जावळी-महाबळेश्वरकडे पावसाळ्यात अडचण उलटी असते. कागद ओल धरतो आणि रेघेला केसाळ फाटे फुटतात. कापलेले चौकोन घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावेत.

वेळेचं म्हणाल तर पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा बसायला कोपरा मिळाला तर मिळाला. जास्त गरज चौदाव्या दिवसापासून. दिवसातली कोणती वेळ खायला उठते ते बघा. गेलेल्या माणसाचा चारचा चहा असेल, त्याची कामावरून परतायची वेळ असेल. त्याच्या दहा मिनिटं आधी कागद-पेन मांडून बसा. एका वेळी एकच चौकोन, अर्धा राहिला तर राहू द्या. मागे तारीख घाला, पुढे नाव नको, आणि छान आलाय का हे कुणाला विचारू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकला की दुसऱ्या दिवशी हात बघणाऱ्यांसाठी चालतो.

काही महिन्यांनी, वाटलंच तर, दोरी त्या माणसाची घ्या. जुन्या वहीतली सही ट्रेसिंग पेपरवरून उतरवा, चष्म्याची कडा किंवा नेहमीच्या कपाचं बूड ठेवून वळण काढा आणि त्यात ऊस-द्राक्षं भरा. पहिल्या महिन्यात हे करू नये असं आमचं मत आहे. तेव्हा सही नुसती दिसली तरी पेन चालत नाही.

नक्षी काढूनही झोप लागत नसेल, आठवडेच्या आठवडे जेवण जात नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

दारात पुन्हा रांगोळी घालायची वेळ आली की हीच चार पाकळ्यांची घ्या, फक्त दीड सेंटिमीटरच्या जागी तीन बोटांचं अंतर. पेनाला सरावलेला हात चिमटीतून सुरुवातीला जाड, तुटक रेघ सोडतो. आदल्या दिवशी जुन्या पाटावर दोन ओळी घालून बघा, रांगोळी चाळून घ्या, आणि सडा अर्धवट सुकू द्या. ओल्या सड्यावर रेघ लगेच भिजून काळपट पडते.