सायकलवरचा थरथरता व्हिडिओ असा थांबला
दर रविवारी सायकलवर छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून खुलदाबादला जातो. मोबाइल हँडलला क्लॅम्पने आवळून व्हिडिओ काढायचो. घरी बघायला बसलं की देवगिरी किल्ला अंगात आल्यासारखा घुमायचा. बायको म्हणाली, "अहो, मळमळतंय मला, बंद करा ते."

आधी क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. उलट बिघडलं, मोबाइल पाळण्यासारखा झुलायला लागला. मग कळलं, दोष क्लॅम्पचा नाही, जागेचा आहे. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा हादरा चाक, फोर्क, हँडल असा थेट कॅमेऱ्यात येतो. शिवाय ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनवाल्या, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या मोबाइलमध्ये लेन्स किंवा सेन्सर बारीक हलत असतो. सततच्या थरथरीने ती यंत्रणाच बिघडू शकते.

मग पोराच्या जुन्या दप्तराचे बंद काढून छातीवर बांधायचा पट्टा शिवला. कोपरं जराशी वाकवली की हात आणि कंबरच स्प्रिंगचं काम करतात. टायरची हवाही ६० वरून ५० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणली. एवढ्यानेच बराचसा त्रास गेला.

एक गोष्ट राहिली होती. पहाटेच्या अंधारात शटर मंद होतं, म्हणजे एकेक चित्र टिपायला जास्त वेळ लागतो, मग इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशनने, म्हणजे मोबाइलच्या सॉफ्टवेअरने, चौकट स्थिर केली तरी चित्र पुसट येतं. आता उन्हं वर आल्यावरच सेकंदाला ६० फ्रेमवर रेकॉर्डिंग लावतो. परवा घाटातल्या दगडी दरवाजातून जाताना कमानीचा चिरा न् चिरा दिसला.

पट्ट्याखाली घामोळं येतं, त्यावर मात्र अजून इलाज सापडलेला नाही.