केदारकंठाची सॅक कोल्हापुरात भरताना

पन्हाळा-पावनखिंड भर पावसात चालून आलेल्या माणसाला भिजायचं काही वाटत नाही. ओल्या टी-शर्टवर दिवस काढायचा, गुडघाभर चिखल तुडवायचा, मुक्कामाला कोरडं घालून गरम आमटीभात हाणायचा, झालं. सह्याद्रीत हे चालून जातं. हिमालयात ओला कपडा अंगावर ठेवून थांबलात तर दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. म्हणून ही सॅक भरताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही मला कोरडं ठेवणार का? जाड स्वेटरांची चळत नेऊन थंडी हटत नाही.

आधी थंडीचा हिशोब करा. डिसेंबर-जानेवारीतला उत्तराखंडातला केदारकंठा धरू, कारण पहिल्या हिमालयीन ट्रेकसाठी बरेच जण तोच निवडतात. माथा साधारण 12,500 फूट, म्हणजे 3,800 मीटर. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे उंचीचेच 21 अंश गेले. आपल्याकडची थंडीतली पहाट 15 अंशांची धरली तर हिशोब उणे 6 वर येतो. त्यात उत्तराखंड आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला आणि माथ्यावर वारा, तेव्हा पारा याहून खाली जाणार हे धरूनच चाला.

आता कपडे. घरातल्या पलंगावर तीन ढीग करा.

पहिला ढीग अंगालगतच्या कपड्यांचा. इथे सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि जीन्स बाद. सुती कापड घाम पिऊन बसतं, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. खेळाचे पॉलिस्टरचे पूर्ण बाह्यांचे दोन टी-शर्ट चालतात. फुटबॉलच्या नादामुळे ते इथल्या बहुतेक घरांत असतातच. चालायला दोन ट्रेक पँट पुरतात. थर्मल, म्हणजे थंडीत आतून घालायचे अंगाबरोबरचे उबदार कपडे, मात्र चालताना घालू नका. चढावर घाम येतो, थर्मल भिजतं आणि रात्री घालायला काही उरत नाही. थर्मलचा एक जोड, एक जोड लोकरी मोजे आणि एक कानटोपी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. ही झोपायची पिशवी. तंबूबाहेर काहीही झालं तरी तिला हात लावायचा नाही.

दुसऱ्या ढिगात ऊब. एक फ्लीस (लोकरीसारखं मऊ, हलकं जॅकेट) आणि एक जाड जॅकेट. बदकाची पिसं भरलेलं डाऊन जॅकेट हलकं आणि फार उबदार असतं, पण भिजलं की पिसं गोळा होऊन ऊब जाते, म्हणून ते थांब्यावर आणि मुक्कामावरच. चालताना टी-शर्ट आणि फार तर फ्लीस. निघताना जरा थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच ऊबदार वाटत असेल तर अर्ध्या तासात घामाघूम होणार.

तिसरा ढीग वारा-पावसाचा. टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या, तशीच पँट मिळाली तर उत्तम. पोंचो म्हणजे रोप लावताना डोक्यावर घेतो ती प्लॅस्टिकची खोळच. सॅकसकट झाकते, पण वाऱ्यात फडफडते, म्हणून बर्फात जॅकेट बरं.

हातमोजे दोन थरांचे: आतून पातळ, वरून पाणी न शिरणारे. बुटाची नाडी आतल्या पातळ मोज्यानिशी बांधता आली पाहिजे, हे घरीच करून बघा.

बुटांवर पैसे खर्च करा. बाकी सगळ्यात काटकसर चालेल. घोटा झाकणारे, तळाला खोल खाचा असलेले, पाणी न शिरणारे बूट हवेत. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि ट्रेकचे जाड मोजे खिशात घेऊन जा. ते घालून बूट चढवा, नाडी बांधा आणि दुकानाच्या पायरीवर बोटं खाली करून उभे राहा. अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा मागा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतील. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट करण्यातही अर्थ नाही. रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. बूट किमान तीन-चार आठवडे आधी घ्या आणि रंकाळ्याच्या फेऱ्या त्यातच मारा. मुक्कामावर घालायला काय, तर कोल्हापुरी घरीच ठेवा. मोज्यानिशी तिच्यात अंगठा जात नाही. साधी, अंगठा नसलेली रबरी चप्पल न्या.

स्लीपिंग बॅग, बर्फात बुटाखाली बांधायचे मायक्रोस्पाइक आणि बर्फ आत जाऊ नये म्हणून घालायचे गेटर सहसा ट्रेक नेणारे देतात किंवा भाड्याने मिळतात. आधी फोन करून विचारा, मगच खरेदी करा. बूट, मोजे आणि थर्मल मात्र स्वतःचेच.

किरकोळ वाटणाऱ्या पण अडवणाऱ्या गोष्टी: अतिनील किरण अडवणारा गॉगल (बर्फावरून परतलेल्या उन्हाने डोळे अक्षरशः भाजतात), सनस्क्रीन, ओठांचं मलम, हेडलॅम्प. दोन साध्या बाटल्या न्या. नळीच्या पाणपिशवीची नळी गोठते. रात्री बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे सकाळी तोंडाशी पाणी राहतं. पॉवरबँक आणि फोन झोपताना स्लीपिंग बॅगेत घ्या, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. विमानाने जाणार असाल तर पॉवरबँक हातातल्या बॅगेत आणि चालायच्या काठ्या चेक-इनच्या सामानात.

औषधांत रोजच्या गोळ्या, ओआरएस, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळी मित्राने सांगितली म्हणून घेऊ नका. डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. पाळीचं सामान तारीख नसली तरी न्या, सोबत कचरा परत आणायला झिपची पिशवी.

खाऊत भडंग जीव की प्राण, पण जागा फार खातं. एक पाकीट रेल्वेत संपवा. सॅकमध्ये शेंगदाणे आणि घरीच बारीक चिरलेला गूळ. चिक्की थंडीत इतकी कडक होते की दात हलतो.

भरताना आधी सॅकमध्ये एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सगळं तिच्या आत. वरचं रेनकव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही. तळाशी झोपायची पिशवी, मध्ये पाठीला चिकटून जड सामान, बाहेरच्या बाजूला हलकं. वॉटरप्रूफ आणि फ्लीस सगळ्यात वर. मग घरच्या वजनकाट्यावर सॅकसकट आणि सॅकशिवाय उभे राहा. फरक 10 किलोच्या पुढे गेला तर पुन्हा पलंगावर रिकामी करा. पहिला बळी बहुधा तिसरी पँट आणि 'असू दे' म्हणून घेतलेला स्वेटर.

निघायच्या आधीच्या रविवारी हीच भरलेली सॅक घेऊन जोतिबाचा डोंगर पायी चढा. खांद्याचा पट्टा कुठे काचतो, पाण्याची बाटली सॅक न उतरवता हाताला लागते का, हे तिथे कळेल. कमरेचा पट्टा हाडावर घट्ट बसवा, म्हणजे बरंचसं वजन खांद्यावरून कमरेवर येईल. परतल्यावर सॅक उपसू नका. फक्त घामेजलेले कपडे धुऊन वाळवून परत आत टाका.