प्रार्थनेचं ॲप लावायचं कसं आणि थांबवायचं कुठे

आधी नावाचा घोळ मिटवतो. मी 'हॅलो' नावाचं कॅथलिक प्रार्थनेचं ॲप फोनवर घेतलं तेव्हा आई म्हणाली, "कोणाला हॅलो हॅलो करतोस सकाळी सकाळी?" देवनागरीत दोन्ही हॅलो सारखेच दिसतात, त्याला इलाज नाही. हा हॅलो म्हणजे पवित्र मानणं. 'तुझे नाव पवित्र मानिले जावो' असं आपण रोज म्हणतो, त्याच ओळीतल्या इंग्रजी शब्दावरून हे नाव आलं. ॲप अमेरिकेतलं, २०१८ सालचं.

दोन उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) मी ते वापरतोय. वसई रोड ते चर्चगेट लोकलमध्ये एकटा, आणि संध्याकाळी घरी आईबरोबर. पॅरिशमधले, म्हणजे आमच्या चर्चमधले, तिघे-चौघे कसं लावायचं म्हणून विचारत होते, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ॲप उघडलं की ते तुमची विचारपूस करतं आणि लगेच वर्षाच्या वर्गणीचं पान पुढे सरकवतं. तिथे घाई करू नका. रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, फुकटात मिळते, सुरुवातीला तेवढी पुरे. फुकट चाचणी घ्यायचीच असेल, तर ती संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर त्याच क्षणी लावा. एका वेगळ्याच ॲपच्या बाबतीत मी शहाणपणा केला होता. आवडलं नाही म्हणून फोनवरून काढून टाकलं आणि निश्चिंत झालो. पुढच्या आठवड्यात वर्षाचे पैसे गेले. ॲप काढल्याने वर्गणी बंद होत नाही! अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवायचं, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जायचं आणि तिथून रद्द करायचं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर बोट ठेवलं की सबस्क्रिप्शन्स दिसतं.

आता मुख्य जुळवाजुळव. प्रार्थना किती मिनिटांची हवी हे बऱ्याच ठिकाणी निवडता येतं. हौसेने पंधरा-वीस मिनिटं निवडाल आणि चौथ्या दिवशी सोडून द्याल. पाच किंवा दहा घ्या. मागचं संगीत बंद करता येतं, मी केलंय. त्या पियानोने मला आधी झोप येते, मग देव आठवतो. लोकलमध्ये ऐकायचं असेल तर आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, कारण नेटवर्क नेमकं 'प्रभू'पाशीच तुटतं. फोन डू नॉट डिस्टर्बवर टाका, फक्त घरच्यांचे फोन येऊ द्या. ॲपच्या आठवणी दिवसाला एकच ठेवा. बाकीच्या बंद, नाहीतर तीही बँकेच्या मेसेजसारखी न वाचता सरकवली जाते.

लोकलमध्ये मी करतो ते दिवसाचं आत्मपरीक्षण. ॲपमध्ये ते एक्झामेन नावाने सापडेल. पद्धत सोळाव्या शतकातली, संत इग्नेशियस लोयोला यांची. पायऱ्या पाच: मिळालेल्याबद्दल आभार मानायचे, नीट दिसावं म्हणून प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा दिवस एकेक तास करून तपासायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची, उद्याचं ठरवायचं. परतीच्या गाडीत दहिसर सुटलं की मी दहा मिनिटांचं आत्मपरीक्षण लावतो, भाईंदरच्या आसपास ते संपतं. इयरफोन एकाच कानात घालतो, दुसरा कान स्टेशनसाठी. डोळे मिटलेले चालतात. त्या वेळी अर्धा डबा डोळे मिटूनच उभा असतो, कुणाला काही वेगळं वाटत नाही. दिवस तपासताना साहेबाशी झालेलं भांडण पहिलं वर येतं आणि त्यात आपलीच बाजू बरोबर असते. रोज! तेव्हा पॉजचं बटण दाबायचं आणि भांडण पुन्हा एकदा, साहेबाच्या खुर्चीत बसून बघायचं. ॲपमधला आवाज यासाठी थांबत नाही, त्याला आपण थांबवायचं असतं. मग भाईंदरनंतर खाडीचा पूल येतो. तिथे मी इयरफोन काढून टाकतो. पाचवी पायरी त्या वाऱ्यात, ॲपशिवाय. नायगाव येईपर्यंत जेवढं ठरेल तेवढं ठरेल.

बायबलचा उतारा घेऊन करायचं 'लेक्सिओ दिविना'ही त्यात आहे: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. बाराव्या शतकातल्या 'गिगो दुसरा' या मठवासीयाने त्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या. यात एक बदल करा. इंग्रजी उतारा ऐकण्याआधी तोच उतारा आपल्या मराठी बायबलमधून मोठ्याने वाचा. मग ॲपमधल्या शांततेच्या जागा उपयोगी पडतात. नाहीतर तो वेळ मनातल्या मनात भाषांतर करण्यातच जातो.

उपवासकाळात पापनिवेदनाची (फादरांपुढे पापं कबूल करण्याची) तयारी ॲपवर करता येते, पापनिवेदन नाही. २०११ साली अमेरिकेत त्यासाठीच एक ॲप निघालं होतं, त्याला तिथल्या एका बिशपांची मान्यताही होती. तरी आयफोनवर पापनिवेदन होत नाही, असा खुलासा व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांना करावा लागला. फादरांसमोर जावंच लागतं. यादी फोनमध्ये लिहून नेत असाल तर नंतर पुसा. माझा फोन मुलगी खेळायला घेते.

ज्यांना हे सगळं जड वाटतं त्यांनी 'क्लिक टू प्रे' घ्यावं. पोपसाहेबांच्या जागतिक प्रार्थना नेटवर्कचं ते ॲप. पोपसाहेबांनी त्या महिन्यासाठी दिलेला प्रार्थनेचा हेतू वाचा, दोन मिनिटं प्रार्थना करा, झालं. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१९ मध्ये स्वतःचं खातं सर्वांसमोर त्यावर उघडलं होतं.

आता रोजरी. घरी सगळ्यात जास्त अडचण तिथे आली. ॲपमधला बाबा भरभर म्हणतो. आई 'कृपापूर्णे'वर असते तेव्हा तो 'होली मेरी'ला पोचलेला. पहिल्या दिवशी तिने त्याला गाठायचा प्रयत्न केला, धाप लागली, आणि जपमाळ मांडीवर ठेवून म्हणाली, "याला कुठली गाडी पकडायची आहे?" तेव्हापासून आम्ही त्याला फक्त रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला मनन करायचा प्रसंग, सांगू देतो. रहस्याचं नाव आणि त्यावरचे दोन शब्द झाले की पॉज. मग स्वर्गातील पिता, दहा नमो मारिया, गौरव, सगळं मराठीत, आईच्या चालीने, मण्यांवर. नंतर खालची पट्टी बोटाने पुढे सरकवून पुढचं रहस्य गाठायचं. हे काम दुसरीतल्या मुलीकडे आहे. ती अंदाजाने बरोबर रहस्याच्या तोंडाशी आणून सोडते, मला अजून जमत नाही.

दुसरी भानगड गुरुवारची. कोणती रहस्ये म्हणायची ते वारावर ठरतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची रहस्ये दिली, ती गुरुवारी. शनिवारी आनंदाची आली. आईचा गुरुवार मात्र लहानपणापासून आनंदाचा आणि शनिवार गौरवाचा, तो काही हलत नाही. ॲप 'आजची रोजरी' म्हणून जे पुढे करतं ते गुरुवारी आणि शनिवारी लावायचं नाही, रहस्यांची यादी उघडून आपल्याला हवी ती निवडायची. प्रकाशाची रहस्ये मी गुरुवारी सकाळच्या लोकलमध्ये उरकतो, घरी वाद नको.

लितानी, म्हणजे शेवटची नावं घेत केलेली विनवणी, आम्ही ॲपवर लावत नाही. ती आईला तोंडपाठ आहे. मुलगी प्रत्येक नावानंतर 'आम्हांसाठी विनंती कर' म्हणते, मधे एकदा जांभई देते, आणि फोन तोवर आत चार्जिंगला असतो.