डोंगरी कॅरिबूंच्या रानात माणसांची वर्दळ कशी आवरावी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले डोंगरी कॅरिबू (म्हणजे तिथले रेनडिअर) हिवाळ्यात उंचावर जातात, कारण दोन-तीन मीटर साचलेल्या बर्फावर उभं राहिलं की जुन्या झाडांवरची लोंबती शैवाकं तोंडाशी येतात. (ही आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच गोतावळ्यातली.) भुसभुशीत बर्फात लांडगे रुततात, कॅरिबूंचे रुंद खूर मात्र तरतात. स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटारगाडी, नेमका हाच फायदा घालवते: तिने दाबलेली वाट लांडग्यांना आयता रस्ता होते.

म्हणून आधी कॅरिबूंच्या गळ्यातले जीपीएस पट्टे आणि हवाई पाहणी यांवरून त्यांचा हिवाळी वावराचा भाग आखा आणि तो सलग बंद ठेवा. तुकड्या-तुकड्यांची बंदी फसते, कळप मधल्या खुल्या भागात सापडतात. पाटी नुसत्या सीमेवर नको, स्नोमोबिल उतरवतात तिथेच नकाशासह लावा. कॅरिबू दिसलाच तर इंजिन बंद, त्याला जाऊ द्या, मग आल्या वाटेने परत. हेलिकॉप्टरने घिरट्या घालायच्या नाहीत.

लाकूडतोडीचे जुने रस्ते नुसतं फाटक लावून सुटत नाहीत. लांडगा फाटक जुमानत नाही. मातीचे उंचवटे करा, झाडं आडवी पाडा, रोपं लावा, आणि हे वळणापर्यंत नव्हे, लांबवर करा. मे-जूनमध्ये, माद्या वितात तेव्हा, पायी भटकंतीही थांबवा.