नवी मुंबईतील सिडकोची जुनी सदनिका सामानासह विकताना

वाशी, नेरुळ, सीबीडी बेलापूर, ऐरोली किंवा कोपरखैरणे येथील सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, जुन्या वसाहतींमधून सकाळच्या वेळी चालत गेले, तर भेटणाऱ्यांपैकी बरेच जण निवृत्त झालेले दिसतात. सरकारी कार्यालयांत, बँकांत आणि कारखान्यांत नोकरी करताना ज्यांनी सोडतीत किंवा वाटपात घर मिळवले, त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे याच चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींत काढली. आता जिने चढवत नाहीत, मुले पुण्याला किंवा परदेशी आहेत आणि भरलेले घर, म्हणजे कपाटे, दिवाण, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या, पंखे, वातानुकूलन यंत्र यांसह, विकून टाकावे असा विचार घरात सुरू होतो. अशा घराची विक्री नव्या इमारतीतील घराच्या विक्रीपेक्षा वेगळी असते. ती ज्येष्ठ विक्रेत्याची दमछाक न होता आणि त्याची फसवणूक न होता पार पडावी, यासाठी हे लिहीत आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. येथे घर आपले असले तरी त्याखालची जमीन सहसा आपली नसते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईतील जमिनी सामान्यतः ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या, आणि खासगी विकासकांनी सिडकोच्या भूखंडांवर बांधलेल्या इमारतींनाही हेच लागू होते. त्यामुळे सदनिका दुसऱ्याच्या नावे करताना सिडकोची परवानगी घेणे, हस्तांतरण शुल्क भरणे आणि नोंदणीनंतर सिडकोच्या दप्तरी खरेदीदाराचे नाव लावून घेणे ही कामे करावी लागतात. शुल्क सदनिकेच्या प्रकारावर आणि क्षेत्रफळावर ठरते. ते कोणी भरायचे, हे खरेदीदाराशी पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावे आणि करारात लिहावे, कारण व्यवहार शेवटच्या टप्प्यात अडतो तो बहुधा याच रकमेवर. बेलापूरच्या सिडको भवनातील वसाहत विभागात आपल्या सदनिकेची धारिका (फाइल) काय सांगते, म्हणजे कोणाचे नाव आहे, काही थकबाकी आहे का, भाडेपट्ट्याची किती वर्षे उरली आहेत, हे जाहिरात देण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

कागदपत्रांची साखळी हा या विक्रीतील सर्वांत जड भाग आहे. मूळ वाटपपत्र, ताबापत्र, सिडकोशी झालेला करार, पैसे भरल्याच्या पावत्या आणि मध्ये घर विकले गेले असेल तर प्रत्येक टप्प्यावरचे नोंदणीकृत खत व सिडकोचा हस्तांतरण आदेश, असे सर्व क्रमाने लावावे. पूर्वी अनेक घरे केवळ कुलमुखत्यारपत्रावर आणि साध्या करारावर हातोहात विकली गेली. अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्या साखळीत असा दुवा असेल, तर खरेदीदाराच्या बँकेचा वकील तो शोधून काढणारच. म्हणून तो आधीच वकिलाला दाखवून दुरुस्तीचा मार्ग विचारावा आणि त्यासाठी लागणारा वेळ गृहीत धरूनच विक्रीला लागावे. कागद गहाळ झाला असेल, तर पोलिसांकडे तक्रार, वृत्तपत्रातील जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून खताची प्रमाणित प्रत, असा सरळ मार्ग उपलब्ध आहे.

घर दिवंगत वडिलांच्या किंवा आईच्या नावावर असेल, तर आणखी सावध राहिले पाहिजे. गृहनिर्माण संस्थेकडे नामनिर्देशन (नॉमिनेशन) केले होते म्हणून नामनिर्देशित व्यक्ती मालक झाली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात संस्था तिला सभासद करून घेत असली, तरी इतर वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही. सर्व वारसांनी एकत्र येऊन विक्री करावी किंवा ज्यांना हिस्सा नको आहे त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे, आणि त्यानंतर सिडकोकडे व संस्थेत नाव बदलून मगच घर बाजारात आणावे. भावंडांपैकी कोणी परदेशी असेल, तर त्याने दिलेले मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. अनिवासी वारसाच्या हिश्श्यावर खरेदीदाराला वेगळ्या आणि बऱ्याच चढ्या दराने करकपात करावी लागते, हेही खरेदीदाराला सुरुवातीलाच सांगावे.

इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेत मोडते की अपार्टमेंट मालकांच्या संघात, हे पाहिले पाहिजे. सिडकोने बांधलेल्या पुष्कळ इमारतींत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याप्रमाणे संघ आहेत आणि तेथे भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) नसतो, तर अपार्टमेंटचे खत असते. सहकारी संस्था असेल, तर हस्तांतरण अधिमूल्य म्हणून ती जास्तीत जास्त २५,००० रुपये घेऊ शकते. त्याहून अधिक रक्कम ‘देणगी’ या नावाने मागितली गेली, तर ती देण्यास विक्रेता बांधील नाही, आणि माझ्या मते ज्येष्ठांनी भिडेखातर ती देऊही नये. देखभालीची थकबाकी मात्र आधी फेडून तसा दाखला घ्यावा. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि महावितरणचे देयक यांच्या अलीकडच्या पावत्याही त्याच धारिकेत ठेवाव्यात.

इमारतीच्या वयाबद्दल काहीही लपवू नये. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण ठराविक काळाने करणे अपेक्षित असते, आणि जाणता खरेदीदार तो अहवाल मागतोच. संस्थेत पुनर्विकासाची चर्चा असेल, तर त्यावर सर्वसाधारण सभेत काय ठराव झाले, विकासक निवडला गेला का, करार झाला का, हे इतिवृत्ताच्या प्रतीसह दाखवावे. ‘पुनर्विकास होणारच आहे’ एवढ्या तोंडी आश्वासनावर जास्त किंमत मागणे योग्य नाही. मात्र विकासकाशी नोंदणीकृत करार झाला असेल, तर त्यातील वाढीव क्षेत्रफळ आणि भाड्याची तरतूद कोणाला मिळणार, हे विक्रीच्या करारात लिहिल्याशिवाय सही करू नये. तळमजल्यावर पुढे वाढवलेली खोली, बंद केलेली बाल्कनी, रो-हाउसवर चढवलेला मजला अशी परवानगीविना केलेली कामे या वसाहतींत सर्रास दिसतात. ती मंजूर क्षेत्रफळात मोजू नयेत, कारण बँक त्यांवर कर्ज देत नाही आणि सिडकोकडेही अडचण येते.

आता सामानाविषयी. भरलेले घर विकताना बहुतेक कुटुंबांची अपेक्षा असते की वस्तूंवर जेवढा खर्च झाला, तेवढी किंमत घराच्या भावात वाढावी. तसे होत नाही. जागेवर ठोकलेले आणि मापाने बनवलेले सामान, म्हणजे भिंतीतील कपाटे, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या, माळ्याची दारे, गीझर, हे घराबरोबर गेले तर खरेदीदाराला उपयोग होतो आणि त्याची थोडी किंमत मिळते. सागवानी पलंग, दिवाण, पोलादी कपाट, जेवणाचे टेबल यांना घेणारा भेटू शकतो, विशेषतः घर भाड्याने देण्यासाठी घेणारा किंवा मुलांजवळ राहायला येणारा ज्येष्ठ खरेदीदार असेल तर. जुन्या गाद्या, जुना दूरचित्रवाणी संच, बंद पडलेले शिवणयंत्र आणि पोटमाळ्यावर वर्षानुवर्षे साठलेली भांडी यांनी मात्र घर लहान आणि अंधारे दिसते. ती घर दाखवण्यापूर्वीच हलवावीत. काय ठेवायचे आणि काय न्यायचे, हे घरातील ज्येष्ठांनाच ठरवू द्यावे आणि त्यासाठी पुरेसे दिवस द्यावेत. मुलांनी एका शनिवार-रविवारी येऊन सगळे भंगारात काढणे मला अन्यायाचे वाटते. पितळी समई, देव्हारा, लग्नातील भांडी, फोटोंचे अल्बम, औषधांच्या आणि बँकेच्या फायली अशा वस्तू आधी वेगळ्या काढून दुसऱ्या जागी पोहोचवाव्यात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्यांचा प्रश्न उरत नाही.

जे सामान घराबरोबर द्यायचे त्याची खोलीवार यादी करावी, प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढावे, ती चालू स्थितीत आहे की नाही ते लिहावे आणि यादीवर दोन्ही पक्षांच्या सह्या घेऊन ती करारासोबत जोडावी. सामानाची रक्कम सदनिकेच्या रकमेपासून वेगळी दाखवावी, पण ती वापरलेल्या वस्तूंच्या वास्तव किमतीएवढीच असावी. येथे दोन्ही बाजूंना मोह होतो. मुद्रांक शुल्क कमी करण्यासाठी सदनिकेची किंमत उतरवून सामानाची फुगवण्याचा सल्ला काही मध्यस्थ देतात. तो मानू नये. सरकारी वार्षिक मूल्य दर तक्त्यानुसार (रेडी रेकनर) येणारे मूल्य करारातील किमतीपेक्षा जास्त असेल, तर शुल्क त्या मूल्यावरच लागते, आणि फरक दहा टक्क्यांहून अधिक असेल तर विक्रेत्याचा भांडवली नफाही त्या वाढीव मूल्यावर मोजला जातो. शिवाय खरेदीदाराची बँक कर्ज देते ते सदनिकेवर. सामानाचे पैसे त्याला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात. म्हणून ‘सदनिका अमुक रकमेला, सामान तमुक रकमेला, आणि सामान नको असल्यास ते ताबा देण्यापूर्वी हलवले जाईल’ असा स्पष्ट प्रस्ताव ठेवावा. सामानाशिवाय घर घेणारा चांगला खरेदीदार केवळ पलंगापायी हातचा जाऊ देऊ नये.

किंमत ठरवताना त्याच सेक्टरमधील त्याच प्रकारच्या सदनिकांचे अलीकडे नोंदले गेलेले व्यवहार पाहावेत. संकेतस्थळांवरील जाहिरातींत मागितलेली किंमत असते. प्रत्यक्ष किती रकमेला व्यवहार झाला, ते नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) या नोंदीवरून कळते. मजला, लिफ्ट, रेल्वे स्थानकापासूनचे अंतर आणि गळती या गोष्टींनी भाव बदलतो. तळमजल्याचे किंवा पहिल्या मजल्याचे घर ज्येष्ठ खरेदीदाराला हवे असते, आणि जाहिरातीत ते ठळकपणे लिहावे. मध्यस्थ घ्यायचा असेल, तर दलाली किती आणि ती कोणत्या टप्प्यावर द्यायची, हे लेखी ठरवावे.

घर दाखवण्याच्या वेळा ठरवून द्याव्यात. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांनी अनोळखी लोकांना एकट्याने घर दाखवू नये. शेजारी किंवा नातेवाईक सोबत असावा. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, पाहण्यासाठी छायाप्रती पुरतात.

खरेदीदार ठरल्यावर विसार रक्कम बँकेमार्फतच घ्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास स्वीकारणाऱ्यालाच तेवढ्या रकमेचा दंड होऊ शकतो. साठेखतात, म्हणजे अंतिम खरेदीखतापूर्वीच्या विक्रीच्या करारात, हप्त्यांच्या तारखा, कर्ज मंजूर न झाल्यास काय, सिडकोच्या परवानगीची जबाबदारी कोणाची आणि ताबा कधी, हे सर्व यावे. नव्या जागेची सोय होईपर्यंत ज्येष्ठ विक्रेत्याला वेळ लागतो, म्हणून ताब्याची मुदत मोकळी मागून घ्यावी. बँकेचे पैसे बहुधा नोंदणीनंतर येतात. ‘पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच ताबा आणि मूळ कागद’ हे कलम त्यामुळे कधीही सोडू नये. मोबदला ५० लाख रुपये किंवा अधिक असेल, तर खरेदीदार एक टक्का कर कापतो. विक्रेत्याचे पॅन निष्क्रिय असेल तर कपात कितीतरी चढ्या दराने होते, तेव्हा ते आधीच तपासावे. मुद्रांक शुल्क आणि जास्तीत जास्त ३०,००० रुपयांचे नोंदणी शुल्क सहसा खरेदीदार भरतो.

आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या विक्रेत्याला उचलून दुय्यम निबंधक कार्यालयात नेण्याची वेळ पुष्कळ कुटुंबांवर येते, आणि ते पाहून वाईट वाटते, कारण त्याची गरज नसते. नोंदणी कायद्यात विशेष कारण असल्यास अधिकाऱ्याने घरी येऊन दस्त नोंदवण्याची तरतूद आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज करून ती वापरावी.

कराचा हिशेब विक्रीपूर्वी करावा. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घरासाठी त्या दिवशीचे वाजवी मूल्य खर्च म्हणून धरता येते आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह (खरेदीचा खर्च महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के किंवा निर्देशांकाविना १२.५ टक्के, यांपैकी जो कर कमी येईल तो भरता येतो. दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास किंवा सहा महिन्यांत ठराविक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवल्यास सवलत मिळते. हे रोखे पाच वर्षे मोडता येत नाहीत, आणि ऐंशीच्या घरातील व्यक्तीने औषधोपचारासाठी लागणारे पैसे त्यांत अडकवू नयेत. वापरातील घरगुती सामानाच्या विक्रीवर भांडवली नफा कर लागत नाही. दागिने, चित्रे आणि शिल्पे यांना मात्र ही सूट नाही.

ताबा देताना यादीतील सामान एकेक करून खरेदीदारासमोर तपासावे, वीजमीटरचे वाचन दोघांनी मिळून टिपावे, पाइपचा गॅस आणि वीज त्याच्या नावे करण्याचे अर्ज भरून द्यावेत आणि ताबापावतीवर किल्ल्यांची संख्या लिहावी. त्यानंतर सिडकोच्या आणि संस्थेच्या दप्तरी नाव बदलल्याच्या आदेशाची एक प्रत खरेदीदाराकडून मागून घ्यावी, म्हणजे पुढे कधी थकबाकीची नोटीस जुन्या मालकाच्या नावे आलीच, तर उत्तरासोबत ती जोडता येते.