ओढा मोजा, मग रब्बीचं ठरवा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्यालगतच्या घाटघरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून जेमतेम ५०-६० किलोमीटरवर, अकोले गावात, ५०० पडला की वर्ष बरं गेलं म्हणायचं. ढग कोकणातून कडा चढून येतात, माथ्यावरच रिते होतात आणि पूर्वेला पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. म्हणून 'अकोले तालुक्याचा रब्बी सल्ला' असं सरसकट लिहिण्यात अर्थ नाही. हे लिहितोय ते प्रवरेच्या वरच्या खोऱ्यातल्यांसाठी: रतनगड, कळसूबाईच्या अंगाखांद्यावर ज्यांची खाचरं आहेत आणि भात निघाला की ज्यांची सगळी भिस्त ओढ्यावर असते.

आपला ओढा लबाड आहे. ऑक्टोबरात खळखळतो, माणूस गव्हाचं बी आणतो आणि जानेवारीत वाळूत खड्डे खणत बसतो. यात दोष पावसाचा नाही, जमिनीचा आहे. वर वीतभर-हातभर तांबडी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. मुरमात मुरलेलं पाणी पाषाणाला अडतं आणि उताराला झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. पाऊस थांबल्यावर ओढ्यात वाहतं ते हेच पाणी. मुरमाचा थर पातळ, उतार खडा, त्यामुळे साठा लवकर सरतो. उंबराची झाडं डोंगरावर एका रेषेत दिसली, तर तिथे झऱ्यांची ओळ आहे का ते पाहा. त्या रेषेच्या खालची शेतं जास्त दिवस ओल धरतात.

तर बी आणण्याआधी बादली घ्या. ओढ्याला दगडमातीचा छोटा आडवा बांध घाला, त्यात ४ इंची पाइपाचा तुकडा बसवा, सगळं पाणी त्यातूनच पडलं पाहिजे. १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर मोजा, तीनदा. ५ सेकंद लागले तर सेकंदाला ३ लिटर, म्हणजे दिवसरात्र मिळून अडीच लाख लिटरच्या वर. एका एकराला दोन इंच पाणी द्यायला साधारण २ लाख लिटर लागतात. हिशेब छान दिसतो. पण १५ दिवसांनी पुन्हा मोजा. समजा १५ ऑक्टोबरला ५ सेकंद आणि महिनाअखेरीला ८ लागले, तर त्याच चालीनं नोव्हेंबरअखेर २० लागतील. तेव्हा एक एकर भिजवायला तीन दिवसांचं पाणी जाईल, आणि डिसेंबर तर अजून पुढेच आहे.

अशा ओढ्यावर एकरभर गहू नको. गव्हाला पाच-सहा पाण्यांची सोय लागते आणि शेवटची पाळी फेब्रुवारी गाठते. हरभरा करा. भात उचलला की ओल उडायच्या आत पेरा. विजय किंवा दिग्विजय वाण चालेल. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा, मग १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू), आणि बी सावलीत सुकवा. पाणी दोनदा जमलं तर उत्तम. एकदाच जमणार असेल, तर ४०-४५ दिवसांनी, फुलं लागायच्या सुमारास द्या.

भाजीपाला करणाऱ्यांनी थंडीचाही उतार बघावा. निरभ्र रात्री गार हवा पाण्यासारखीच डोंगरावरून खाली सरकते आणि ओढ्याच्या तळाला साचते. मी एकदा पाणी जवळ पडतं म्हणून तळाच्या पट्टीत टोमॅटो लावला. पौषातल्या एका पहाटे पानं उकडल्यासारखी काळपट पडली. दोन बांध वरच्या पट्टीत, त्याच रोपवाटिकेतली रोपं, त्यांना काही झालं नव्हतं. तेव्हापासून टोमॅटो, घेवडा वरच्या पायऱ्यांवर आणि तळाला घरापुरता पाच-दहा गुंठे गहू, लसूण, मेथी. पाइप थोडा जास्त लागतो, लागू दे.

पंपाला वीज दिवसाचे काही तासच असते, रात्रीचं पाणी मात्र वाहून जातं. ते अडवायला वनराई बंधारा, म्हणजे गोण्यांचा तात्पुरता बांध. परतीचा पाऊस थांबला की लगेच घाला, दिवाळीची वाट बघू नका. जागा निवडताना तळाला पाषाण आणि दोन्ही काठ घट्ट हवेत, नाहीतर पाणी बुडातून निसटतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूमातीनं पाऊणच भरा (गच्च भरलेल्या गोण्या एकमेकींना बसत नाहीत, फटी राहतात), तोंड शिवा, विटांसारख्या सांधे चुकवून रचा. दोन रांगांमध्ये चिकणमाती तुडवून भरा. मधला भाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवा. पाणी मधूनच ओसंडलं पाहिजे, कडेनं गेलं की एका रात्रीत काठ कापतं. माती काठाची काढू नका. मेअखेर गोण्या काढून घ्या, जूनच्या पहिल्या लोंढ्यात त्या फाटून खालच्याच्या खाचरात जातात आणि वर्षभर बोलणी खावी लागतात.

खाचरातलं पाणी कापणीआधी ८-१० दिवस सोडाल, तेव्हा बांधावरून एक चक्कर मारा. खेकड्यांची बिळं आता उघडी दिसतात. ओल्या मातीनं आत्ताच ठासली तर पुढच्या आषाढात बांध फुटायचा वाचतो.