या चुका टाळा : जुन्या अ‍ॅमिगाला अ‍ॅक्सिलरेटर कार्ड बसवताना

अ‍ॅमिगा १२०० या जुन्या घरगुती कॉम्प्युटरसाठी अ‍ॅक्सिलरेटर कार्ड, म्हणजे जास्त वेगाचा प्रोसेसर आणि मेमरी असलेलं कार्ड, हातात पडलं की पहिल्या अर्ध्या तासात काय होतं, ते मला आता पाठ झालंय. खोकं फोडायचं, मशीन पालथं करायचं, खालचं झाकण काढून कार्ड आत ढकलायचं आणि बटण दाबायचं. स्क्रीन काळी राहिली की निरोप येतो, "कार्ड खराब निघालं." असे निरोप घेऊन आलेली बरीच मशीन मी उघडून पाहिली. त्यांत खरोखर बिघडलेली कार्डं अगदी थोडी होती. दोष बहुतेक वेळा मशीनमध्ये होता किंवा बसवणाऱ्याच्या घाईत.

ए१२००, म्हणजे अ‍ॅमिगा १२००, बाजारात आला १९९२ साली. त्यात १४ मेगाहर्ट्झचा ६८ईसी०२० प्रोसेसर आणि २ एमबी चिप रॅम, म्हणजे ग्राफिक्स आणि आवाजाच्या चिपांसोबत वाटून घेतलेली मेमरी. मशीनचा सगळा हिशेब तेवढ्यावरच बेतलेला आहे. त्यावर आपण ५० मेगाहर्ट्झचा ६८०३०, गणिताची वेगळी चिप आणि ३२ एमबी मेमरी चढवतो, तेही इतक्या वर्षांनी थकलेल्या बोर्डावर. म्हणून कार्डाला हात लावण्याआधी मशीन तपासा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

पॉवर सप्लाय न मोजणं

या एका चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण हिच्यापायी माझे तीन आठवडे गेले.

मी वापरलेलं ६८०३० कार्ड घेतलं होतं. पहिल्या संध्याकाळी मशीन झकास चाललं. वीसेक मिनिटांनी माउसचा बाण जागच्या जागी थिजला. रीसेट केलं, पुन्हा दहा मिनिटं चाललं, पुन्हा थिजलं. मला वाटलं मेमरी. दुसरी सिम (मेमरीची पट्टी) लावली, तरी तेच. मग वर्कबेंच, म्हणजे मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम, नव्याने टाकलं, तेही दोनदा. शेवटी विकणाऱ्याला कडक शब्दांत लिहिलं. त्या भल्या माणसाने काहीही न बोलता दुसरं कार्ड पाठवलं आणि तेही वीस मिनिटांनी थिजलं.

तेव्हा कुठे मल्टिमीटर काढला. केस उघडी ठेवून फ्लॉपी ड्राइव्हच्या पॉवर कनेक्टरवर ५ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांवर टोकं धरली. मशीन नुसतं चालू असताना ४.८४ दिसले. हार्ड डिस्क फिरायला लागल्यावर ४.७७. फ्लॉपी घातली आणि आकडा ४.६८ वर येऊन थांबला. ५ व्होल्टच्या चिपांना साधारण पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खाली ४.७५ पर्यंत. माझं मशीन त्याच्याही खाली जाऊन कसंबसं तग धरत होतं आणि मी दोष देत होतो कार्डाला.

पॉवरच्या प्लगमधल्या पिना काळवंडल्या होत्या. त्या घासून साफ केल्यावर थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. ए१२०० सोबत आलेला मूळ सप्लाय ५ व्होल्टवर ३ अँपियरचा. ए५०० (आधीचा अ‍ॅमिगा ५००) च्या सुरुवातीच्या मशीनसोबत जो जड विटेसारखा सप्लाय यायचा, तो साडेचार अँपियरचा आणि त्याचा प्लगही ए१२०० ला बसतो. तो लावला. फ्लॉपी आणि हार्ड डिस्क दोन्ही चालू असताना आकडा ४.९७. त्या दिवसापासून ते मशीन एकदाही थिजलेलं नाही. विकणाऱ्याला माफीचं पत्र लिहिलं आणि एक कार्ड परत पाठवलं.

माझी सवय आता अशी आहे. कार्ड बसवण्याआधी एकदा मोजायचं, बसवल्यावर पुन्हा मोजायचं, दोन्ही वेळा सगळे ड्राइव्ह चालू ठेवून. ४.९ च्या वर असेल तर पुढे जातो. ४.८ च्या खाली गेलं तर तिथेच थांबतो, आधी सप्लायचं बघतो. मोजताना शेजारच्या १२ व्होल्टच्या पिनेला टोक लागू देऊ नका. १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या मार्गात शिरले तर दुरुस्त करायला फारसं काही उरत नाही. आणि जुना सप्लाय ए५०० चा असला तरी तोही म्हाताराच आहे, त्यालाही मीटर लावा. हल्ली नवे बनवलेले सप्लाय मिळतात. कार्डावर पैसे घालवायची तयारी असेल तर त्यातले थोडे इकडे घाला.

गळलेल्या कपॅसिटरवर कार्ड चढवणं

ए१२०० च्या बोर्डावरचे पृष्ठभागावर चिकटवलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. वरून पुष्कळदा काहीच दिसत नाही. नीट पाहिलंत तर त्यांच्या पायाशी सोल्डर चकचकीत न राहता राखाडी, मळकट झालेलं असतं. त्याला गरम सोल्डरिंग आयर्न टेकवली की सडक्या मासळीसारखा वास येतो. तो वास एकदा घेतला की पुन्हा शंका राहत नाही. आवाज बारीक झाला असेल किंवा एका बाजूचा गेला असेल, तर तीही हीच खूण. आधी कपॅसिटर बदला, खालचे ट्रॅक स्वच्छ करा, मग कार्डाचा विचार करा. सोल्डरिंगची सवय नसेल तर ज्याला आहे त्याच्याकडे द्या. पहिला सराव या बोर्डावर करू नका. यातले पॅड पटकन उचकटतात.

कार्ड अर्धवट बसवणं

माझी दुसरी जुनी तक्रार. खालच्या झाकणाआड मदरबोर्डाची १५० टोकांची कड असते आणि कार्डावरचं सॉकेट त्या कडेवर सरकवायचं असतं. केस बंद असताना हे काम आंधळेपणाने होतं. सॉकेट एका बाजूने पूर्ण जातं, दुसऱ्या बाजूने मिलिमीटरभर बाहेर राहतं. हाताला मात्र "बसलं" असं वाटतं.

एका मुलाने माझ्याकडे मशीन आणलं तेव्हा स्क्रीन पिवळी होत होती. अ‍ॅमिगा सुरू होताना जे रंग दाखवतो, त्यांना अर्थ असतो. लाल म्हणजे रॉमची (मशीनचं मूळ सॉफ्टवेअर साठवलेल्या चिपची) तपासणीची बेरीज जुळत नाही, हिरवा म्हणजे चिप रॅमची अडचण, पिवळा म्हणजे चूक पकडायची यंत्रणा उभी राहण्याआधीच प्रोसेसर अडखळला. मी केस उघडली. कार्ड तिरकं होतंच, शिवाय सॉकेटच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घालून तरफ लावल्याच्या खुणा होत्या. मी विचारल्यावर तो म्हणाला, "काका, जातच नव्हतं." जात नव्हतं, कारण केसचं प्लॅस्टिक आणि आतला पत्रा आडवा येत होता. सुदैवाने कडेवरचा एकही ट्रॅक कापला गेला नव्हता. पत्रा बाजूला केला, कड साफ केली, कार्ड सरळ बसवलं आणि वर्कबेंच उघडलं.

पहिल्यांदा कार्ड बसवाल ते केस उघडून, कीबोर्ड बाजूला काढून बसवा. दोन अंगठ्यांनी सॉकेटवर सारखा दाब द्यायचा, बाकीच्या बोटांनी बोर्डाला मागून आधार द्यायचा. बोर्ड वाकताना दिसला तर थांबायचं. पूर्ण बसल्यावर सॉकेट जिथे येतं, तिथे मी बोर्डावर पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवतो. पुढच्या वेळी केस बंद असली तरी रेघ दिसते की नाही यावरून लगेच कळतं. कड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणारं कापड वापरा. खोडरबराने घासायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो अजिबात पटत नाही. मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा सॉकेटात जाऊन बसतो.

मशीनचं बटण बंद आहे म्हणून प्लग लावलेलाच ठेवून कार्ड काढघाल करू नका. प्लग काढा, मिनिटभर थांबा.

लायब्ररी नंतर टाकू म्हणणं

६८०४० आणि ६८०६० मध्ये आधीच्या प्रोसेसरांच्या काही सूचना नाहीत. ६८०४० मध्ये साइन, कोसाइनसारखी गणितं चिपमधून काढून टाकली आहेत. ६८०६० मध्ये त्याशिवाय पूर्णांकांच्याही काही सूचना गेल्या. ती उणीव ६८०४० किंवा ६८०६० ची लायब्ररी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला जोडायची सॉफ्टवेअरची फाइल, भरून काढते आणि ती सुरुवातीलाच सेटपॅच ही दुरुस्त्या लावणारी आज्ञा चालताना चढावी लागते. लोक कार्ड आधी लावतात, मग मशीन धड सुरूच होत नाही आणि लायब्ररी टाकायची कशी, हा प्रश्न पडतो. कार्डासोबत आलेल्या फ्लॉपीवरची लायब्ररी जुन्या प्रोसेसरवर असतानाच टाकून घ्या. स्टार्टअप-सिक्वेन्समध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या आज्ञांच्या यादीत) सेटपॅच सर्वांत वर आहे ना, तेही बघा.

गुरू मेडिटेशनचा, म्हणजे मशीन कोसळल्यावर स्क्रीनवर येणाऱ्या संदेशाचा, आकडा आला तर रीसेट करण्याआधी तो कागदावर उतरवा. ८००००००४ म्हणजे प्रोसेसरला न कळलेली सूचना. ८००००००बी म्हणजे फ्लोटिंग पॉइंटची सूचना आली आणि ती घेणारं कोणी नाही. यातला दुसरा आकडा दिसला की मी आधी लायब्ररी बघतो, मग कार्डावर गणिताची चिप खरोखर आहे का ते. ६८एलसी०६० आणि ६८ईसी०६० मध्ये ती नसतेच. वरची अक्षरं घासून, नवी छापून पूर्ण ६८०६० म्हणून विकलेल्या चिपा मी पाहिल्या आहेत. विकत घेण्याआधी चालू मशीनवर सिसइन्फोचा (प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) फोटो मागा. जो द्यायला कुरकुर करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

छोट्या, पण रोजच्या

एकाच दिवशी कार्ड, हार्ड डिस्क आणि रॉम तिन्ही बदलू नका. बिघडलं तर शोधणार कुठे?

सिमचा वेग आणि कार्डावरचा जंपर (सेटिंग बदलायची पिनांवरची छोटी टोपी) जुळवा. ७० नॅनोसेकंदाची सिम ६० च्या जंपरवर चालवली तर ती कधी चालते, कधी नाही, आणि असला बिघाड सगळ्यात छळतो.

६८०४० तापतो, त्याला हीटसिंक आणि पंखा हवाच. ऑसिलेटर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा भाग) बदलून ५० चं ६६ करायचा मोह टाळा. मिळणारा वेग जाणवत नाही, येणारे क्रॅश जाणवतात.

ए१२०० मध्ये ८ एमबीचं साधं मेमरी कार्ड लावलं की पीसीएमसीआयए स्लॉटची (बाहेरून छोटं कार्ड घालायच्या खाचेची) पत्त्यांमधली जागा त्या मेमरीखाली जाते आणि स्लॉट बंद पडतो. जंपरने मेमरी ४ एमबीवर आणा, स्लॉट परत मिळतो. पूर्ण ६८०३० च्या कार्डांवर मेमरी चोवीस बिटांच्या पत्त्यांपलीकडे असते, तिथे ही अडचण येत नाही.

काही आवृत्त्यांच्या बोर्डांवर घड्याळाचा सिग्नल बिघडवणारे दोन बारके कपॅसिटर आहेत, ई१२३सी आणि ई१२५सी. ते काढल्यावर अडून बसलेली कार्डं चालू लागतात, हे खरं आहे. पण हा उपाय वाचून पहिल्याच संध्याकाळी सोल्डरिंग आयर्न उचलणारे लोक आहेत. वर लिहिलेलं सगळं तपासून झाल्यावर, आपल्या बोर्डाची आवृत्ती वाचून, मगच तिकडे वळा.

ए५०० च्या काळातले खेळ नव्या कार्डावर कोसळले तर कार्ड परत पाठवू नका. त्यांतल्या कित्येकांचे कोड स्वतःलाच बदलत चालतात आणि प्रोसेसरच्या कॅशमुळे (आतल्या झटपट मेमरीमुळे) त्यांचा गोंधळ होतो. डब्ल्यूएचडीलोड या जुने खेळ हार्ड डिस्कवरून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने चालवा. ब्लिझार्ड १२३० सारख्या कार्डांवर सुरू होताना २ ची कळ दाबून धरली की कार्ड बाजूला राहतं आणि मूळ प्रोसेसर काम करतो.

आणि वेगाचं. कार्ड लावलं म्हणून चित्रं लगेच कार्डाच्या वेगाने सरकणार नाहीत. चिप रॅम आणि ग्राफिक्सच्या चिपा आपल्या जुन्याच वेगाने चालतात. धावतं ते फास्ट रॅममध्ये, म्हणजे फक्त प्रोसेसरच्या वाट्याच्या मेमरीत, असलेलं काम. मूळ ए१२०० ला नुसती फास्ट रॅम जोडली तरी प्रोसेसरचं काम जवळजवळ दुप्पट वेगाने होतं, कारण चिप रॅमच्या रांगेत थांबणं संपतं. नुकती सुरुवात करणाऱ्याला मी आधी तेवढंच करायला सांगतो. महिनाभर वापरून अपुरं वाटलं तर ६८०३० घ्यावं. थेट ६८०६० ने सुरुवात करणाऱ्यांची मला धास्ती वाटते. महाग चिप, नवखा हात आणि न मोजलेला सप्लाय.

सगळं जुळलं की मी खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवतो. त्यावर तारीख, कार्डाआधीचे आणि नंतरचे व्होल्ट, सगळ्या जंपरच्या जागा आणि शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) अ‍ॅव्हेल टाइप केल्यावर दिसलेला मोकळ्या मेमरीचा आकडा. दोन वर्षांनी मशीन थिजलं तर मी आधी तो कागद वाचतो, मग मीटर हातात घेतो.